विंडोज १० सोडायचं का, आणि सोडून कुठे जायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट बंद केला. २९ जुलै २०१५ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षं चालली, आणि घराघरांत, दुकानांत, शाळांच्या संगणक कक्षांत, सीएंच्या ऑफिसांत तिच्यावर अजूनही रोजचं काम चालू आहे. आता प्रत्येकाला कोणीतरी सल्ला देतंय. दुकानदार म्हणतो नवीन लॅपटॉप घ्या, भाचा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाका, शेजारी म्हणतो काही करू नका, मस्त चाललंय. यातला कोणताही सल्ला एखाद्यासाठी बरोबर असू शकतो. तुमच्यासाठी कोणता बरोबर, हे तुमच्या कामावरून ठरतं. मशीनचा आणि सिस्टीमचा विचार त्यानंतर. म्हणून हा लेख कामापासून सुरू होतो.

सपोर्ट बंद म्हणजे नेमकं काय

विंडोज १० बंद पडलेलं नाही. मशीन चालू होतं, वर्ड उघडतं, प्रिंट निघते. थांबलं आहे ते सुरक्षेची भोकं बुजवण्याचं काम. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे मोफत दुरुस्त्यांचे अपडेट आता आपोआप येत नाहीत (वाढीव अपडेट घेण्याची वाट पुढे येते). ती वाट घेतली नाही, तर सिस्टीममध्ये नवी सापडलेली त्रुटी तुमच्या मशीनवर कायमची उघडी राहते.

याचं गांभीर्य समजून घ्यायला मे २०१७मधला वॉनाक्राय हल्ला आठवावा. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्या मशीनवर ती टाकलेली नव्हती, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला तेव्हा खास अपवाद करून दुरुस्ती द्यावी लागली होती. दर वेळी असा अपवाद होईल यावर विसंबता येत नाही.

दुसरा परिणाम हळूहळू जाणवतो. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, पण क्रोमने त्याची साथ फेब्रुवारी २०२३मध्ये सोडली. विंडोज १०चंही असंच होईल: आधी सिस्टीमचे अपडेट थांबतील, मग एकेक सॉफ्टवेअर नवी आवृत्ती देणं थांबवेल. म्हणजे घाबरून आज रात्रीच काही करायची गरज नाही. पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात किंवा लोकांची कागदपत्रं असतात, तिथे बिनअपडेटचं विंडोज १० तसंच वापरत राहणं मला पटत नाही. आणखी एक: ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचाही सपोर्ट त्याच दिवशी संपला आहे.

पहिली पायरी: कामांची यादी

एक कागद घ्या आणि पुढचा आठवडाभर या मशीनवर जे जे काम होतं ते लिहीत जा. आठवून एका बैठकीत यादी केली तर वर्षातून दोनदा लागणारी गोष्ट हमखास सुटते, आणि बहुतेक वेळा अडचण तिथेच येते. घरात दोघं-तिघं मशीन वापरत असतील तर प्रत्येकाला विचारा.

प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: हे ब्राउझरमध्ये होतं, की त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं? नेटबँकिंग, जीएसटी पोर्टल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, मुलांचे ऑनलाइन अर्ज, मेल, यूट्यूब ही सगळी ब्राउझरची कामं आहेत. यादीत एवढंच असेल तर तुम्ही मोकळे आहात. कोणत्याही सिस्टीमवर गेलात तरी चालेल.

खरा निर्णय वेगळं सॉफ्टवेअर लागणाऱ्या कामांवर ठरतो. टॅलीप्राइम विंडोजवरच चालतं. ऑटोकॅड, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्सवर चालत नाहीत. वाइनसारख्या सोयीने काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवता येतात हे खरं, पण ज्यावर पोट अवलंबून आहे ते काम अशा जुळवाजुळवीवर ठेवू नये. मार्चअखेरीला टॅली उघडलं नाही तर आपला प्रश्न सोडवायला कोणी बसलेलं नसतं.

डिजिटल सिग्नेचर वापरणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. सीए, कंत्राटदार, कंपनीचे संचालक, ई-निविदा भरणारे यांच्याकडे यूएसबी टोकन असतं. त्याचा ड्रायव्हर (यंत्राची मशीनशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) आणि पोर्टलला जोडणारं सही करण्याचं छोटं सॉफ्टवेअर, दोन्ही एकमेकांशी जुळावे लागतात. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण ड्रायव्हर असून पोर्टल टोकन ओळखत नाही असंही होतं. रोजची सही असेल तर विंडोजवरच राहा. वर्षातून एकदाच लागत असेल तर ती सही सीएच्या ऑफिसमधल्या मशीनवर करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

प्रिंटरचं नाव आणि मॉडेल नंबरही लिहा. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर सहज चालतात. आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर मागतो आणि डोकं खातो. बायोमेट्रिक यंत्र, बारकोड प्रिंटर, पासबुक प्रिंटर असेल तर ते ज्याने बसवलं त्यालाच फोन करून विंडोज ११चा ड्रायव्हर आहे का, हे विचारा.

मराठी टायपिंग: इथे घाई नको

मराठी वापरणाऱ्यांची ही खास अडचण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तिच्याबद्दल एक ओळही सापडत नाही.

तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत टाइप करत असाल, तर प्रश्न जवळजवळ नाहीच. विंडोज ११मध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या मांडणीचा कीबोर्ड आहे आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा ‘मराठी फोनेटिक’ही आहे. दोन्ही विंडोज १०मध्येही आहेत, त्यामुळे आजच लावून सवय करता येते. अनेक जण गूगलचं जुनं इनपुट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर जपून एका मशीनवरून दुसऱ्यावर टाकत असतात. गूगलने ते देणं केव्हाच थांबवलं आहे. नव्या मशीनवर त्याच्यावर विसंबू नका, फोनेटिक कीबोर्डवर या. लिनक्समध्येही इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरणाऱ्यांचं तसं नाही. श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, डीव्ही-टीटी सुरेख, कृतिदेव यांपैकी कशावर तुमची वर्षानुवर्षांची कागदपत्रं असतील, तर त्या फायलींत खरं देवनागरी नसतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. या फॉन्टच्या फायली लिनक्सवर टाकल्या तर जुना मजकूर वाचता येतो, पण त्यात नवीन टाइप करायचं तर विंडोजवरचं टायपिंग सॉफ्टवेअरच लागतं. डीटीपी करणाऱ्यांनी, छापखान्यांनी आणि जुन्या नमुन्यांवर अर्ज करून देणाऱ्या सेवा केंद्रांनी विंडोज सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज ११वर जातानाही आपली श्रीलिपी किंवा आयएसएमची आवृत्ती त्यावर चालते का, आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालू व्हायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) किंवा लायसन्स दुसऱ्या मशीनवर कसं न्यायचं, हे विक्रेत्याकडून आधी पक्कं करून घ्यावं.

या निमित्ताने जुना महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केलीत तर उत्तम. रूपांतर करणारी साधनं मिळतात. जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं, तरी हे काम एकदाच करावं लागतं. नंतर तो मजकूर फोनवर, मेलमध्ये, कोणत्याही सिस्टीमवर उघडतो आणि शोधताही येतो. संस्थेची घटना, वंशावळ, आजोबांच्या आठवणी असं काही जुन्या फॉन्टमध्ये अडकलं असेल तर आधी ते हातात घ्या.

दुसरी पायरी: मशीन तपासा

सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे जा. प्रोसेसरचं नाव, रॅम आणि सिस्टीम ६४ बिट आहे की ३२, हे तिथे दिसतं. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे.

इंटेलच्या नावात आय-थ्री किंवा आय-फाइव्हनंतरचा आकडा पाहा. चार आकडी संख्येत पहिला आकडा ही पिढी: ७२०० म्हणजे सातवी, ८२५० म्हणजे आठवी. १०२१० असेल तर दहावी. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ला आठवी किंवा पुढची पिढी लागते, म्हणजे ढोबळमानाने २०१७च्या अखेरीनंतरचं मशीन. एएमडीत रायझन २००० मालिकेच्या आसपास रेषा आहे, पण त्या मालिकेतले सगळे प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ टाका आणि ते काय सांगतं ते पाहा.

ते ‘नाही’ म्हणालं तरी कारण वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका. प्रोसेसर जुना असेल तर तिथे काही करता येत नाही. पण कारण टीपीएम २.० किंवा सिक्युअर बूट यांपैकी एखादी सुरक्षेची सोय असेल, तर ते मशीनमध्ये असून नुसतं बंद ठेवलेलं असू शकतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, टीपीएम इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने असतं. ते चालू करताच कितीतरी ‘नापास’ मशीन पास होतात. सिक्युअर बूटसाठी सिस्टीम यूईएफआय या नव्या पद्धतीने बसवलेली लागते. स्टार्टमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून ‘बायोस मोड’पुढे काय लिहिलंय ते पाहा. ‘लेगसी’ असेल तर डिस्कची रचना बदलावी लागते. ते काम जाणकाराकडून आणि बॅकअपनंतरच करून घ्या.

विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क अशी आहे. ४ जीबीवर ते बसतं, पण काम करताना जीव नकोसा होतो. ८ जीबी धरून चला. आणि मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा. ‘मशीन स्लो झालंय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा ही डिस्कच असते. विंडोज १०वर राहा, ११वर जा की लिनक्स टाका, हा खर्च वाया जात नाही.

तिसरी पायरी: वाट निवडा

यादीत विंडोजशिवाय न होणारं काम आहे आणि मशीन चाचणीत पास आहे, तर विंडोज ११वर जा. अस्सल विंडोज १०वरून हे अपग्रेड मोफत आहे. यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

काम विंडोजचंच आहे पण मशीन नापास, तर ‘ईएसयू’ म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय दिसतो. विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. विंडोज बॅकअपने सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरएवढी स्थानिक रक्कम. एका खात्यावर १० मशीनपर्यंत नोंदवता येतात. मोफत वाटेने जाताना वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची, मोफत जागा ५ जीबीच आहे हे लक्षात ठेवा, आणि फोटोंचे फोल्डर सिंकमधून काढून टाका. संस्थांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. शाळा-कॉलेजांना मात्र हीच तीन वर्षं अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलरला मिळतात. संगणक कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकांनी हे संस्थाचालकांच्या कानावर जरूर घालावं. ईएसयूत नवीन काही मिळत नाही. मिळतो तो वेळ, आणि त्या वेळात नव्या मशीनची तजवीज करायची.

काम सगळं ब्राउझरचं आणि मशीन नापास असेल, तर लिनक्सचा मनापासून विचार करा. चांगलं चालणारं यंत्र भंगारात टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी विंडोजची सवय असलेल्याला लिनक्स मिंट सगळ्यात जवळचं वाटतं. खाली डावीकडे मेन्यू, तसाच टास्कबार, तशाच खिडक्या. मिंट २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळतील. ४ जीबी रॅमच्या मशीनवर त्याची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. फक्त ब्राउझरच हवा असेल तर गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स मोफत आहे, पण त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत हे आधीच समजून घ्या.

अटी चुकवून नापास मशीनवर विंडोज ११ बसवायच्या युक्त्या सगळीकडे फिरतायत. त्या चालतात. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मोठी वार्षिक आवृत्ती दर वेळी हाताने बसवावी लागते. स्वतः दुरुस्ती करू शकणाऱ्याने हवं तर करावं. आईवडिलांच्या किंवा गिऱ्हाइकाच्या मशीनवर करू नये. कुणी क्रॅक टाकून ‘ॲक्टिव्हेट’ करून देत असेल तर त्याला तर हातही लावू देऊ नका. सुरक्षेसाठी सिस्टीम बदलायची आणि अनोळखी माणसाचं सॉफ्टवेअर सर्वाधिकार देऊन चालवायचं, याला काही अर्थ नाही.

नवीन नाही परवडत आणि विंडोज तर हवंच, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात. घेताना वरचाच पिढीचा आकडा पाहा. आठव्या पिढीच्या आधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी तो घेऊन तुम्ही याच प्रश्नापाशी परत येता.

चौथी पायरी: बॅकअप

अपग्रेडमध्ये फायली सहसा जात नाहीत. पण वीज गेली, डिस्क आधीच कुरकुरत होती, चुकीच्या पार्टिशनवर टिचकी पडली, असं काहीही होऊ शकतं. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्या, आणि अत्यंत मोलाच्या गोष्टींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप सगळे घेतात. सुटतात त्या पुढच्या गोष्टी. टॅलीचा डेटा बहुधा ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये किंवा थेट सी ड्राइव्हवर असतो. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून येणाऱ्या ‘डेटा’ मेन्यूतून बॅकअप घ्या. फॉन्ट विंडोजच्या आतल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये असतात, ते वेगळे कॉपी करावे लागतात. डीटीपीवाल्यांनी हे विसरून चालणार नाही. आउटलुकची मेल, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या ‘डाउनलोड्स’मधल्या फायली, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे लायसन्स नंबर हेही घ्या.

बॅकअप झाला की दुसऱ्या मशीनवर जोडून पाच-दहा फायली खरोखर उघडून पाहा. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, पण खातं कोणाचं आणि पासवर्ड काय हेच आठवलं नाही तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. नव्या विंडोज ११ मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की हे एन्क्रिप्शन बहुधा आपोआप लागतं. त्यामुळे नवा लॅपटॉप घेणाऱ्यांनीही की लिहून ठेवायलाच हवी.

विंडोज ११ टाकताना

महिन्याच्या रिटर्नच्या तारखांजवळ हे काम काढू नका. सलग सुट्टी पाहा. लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असू द्या. सी ड्राइव्हवर पुरेशी जागा मोकळी करा, बाहेरचे अँटिव्हायरस काढून टाका, मग विंडोज अपडेटमधून किंवा मायक्रोसॉफ्टच्या ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’मधून सुरू करा. फायली आणि ॲप ठेवण्याचाच पर्याय निवडलाय ना, ते पाहा.

झाल्यावर पहिल्याच दिवशी यादीचा कागद काढा आणि प्रत्येक काम करून पाहा. प्रिंट काढा, टोकन लावून सही करा, टॅलीत एक व्हाउचर उघडा, मराठी टाइप करा. हे आठवड्यावर ढकलू नका, कारण मागे फिरण्याची सोय फक्त १० दिवस असते. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी इथल्या ‘गो बॅक’ने विंडोज १० जसंच्या तसं परत येतं. त्या १० दिवसांत ‘डिस्क क्लीनअप’ करून जुन्या विंडोजच्या फायली पुसल्यात तर ही सोय जाते.

लिनक्स करून पाहताना

काहीही न पुसता लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

१. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (यात पूर्ण सिस्टीम असते) उतरवा.
२. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि रूफस किंवा बलेनाएचर वापरून ती फाइल त्यावर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.
३. मशीन रीस्टार्ट करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप. मेन्यूतून पेनड्राइव्ह निवडा.
४. मिंट उघडेल. ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारू नका.

आता तासभर वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झोपवलेला लॅपटॉप नीट जागा होतो का, कॅमेऱ्यावर नातवाशी बोलता येतं का, प्रिंट निघते का. पेनड्राइव्हवरून ते थोडं संथ चालतं, डिस्कवर बसवलं की वेग वाढतो. कीबोर्ड सेटिंग्जमध्ये भारतीय भाषांखाली मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक शोधा.

तुमच्या वर्डच्या फायली मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहा. मराठी युनिकोड नीट दिसतं, पण मंगल किंवा निर्मला हे विंडोजचे फॉन्ट तिथे नसल्याने त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट येतो आणि पानं पुढेमागे सरकतात. घरगुती पत्राला फरक पडत नाही. प्रबंध, कोर्टाचे कागद किंवा छपाईला जायची फाइल असेल तर हा फरक गंभीर आहे. तिथे शेवटची प्रत पीडीएफमध्येच द्या.

सगळं पटलं तरी आधी विंडोजच्या शेजारी बसवावं, म्हणजे मशीन सुरू होताना दोन्हींतलं निवडता येतं. महिना-दोन महिने विंडोज उघडण्याची वेळ आली नाही, तर मग पूर्ण मिंटवर या. मन बदललं तरी हरकत नाही. अस्सल विंडोज १०चं डिजिटल लायसन्स त्या मशीनशी जोडलेलं असतं, पुन्हा बसवल्यावर ते आपोआप ओळखलं जातं.

घरातल्या वयस्कर माणसासाठी करत असाल तर निर्णय त्यांच्याशी बोलून घ्या. बाबांना भविष्य निर्वाह निधीचं पान रोज ज्या खुणेवरून उघडायची सवय आहे, ती खूण त्याच जागी ठेवा. पहिले काही दिवस फोनवर हजर राहा.

नवीन मशीन घेऊन जुनं द्यायचं किंवा विकायचं ठरलं, तर नुसतं ‘डिलीट’ पुरेसं नाही. विंडोजच्या ‘रिसेट’मध्ये सगळं काढून टाकण्याबरोबर ‘क्लीन डेटा’चा पर्याय चालू करा आणि कितीही तास लागले तरी तो पूर्ण होऊ द्या. मशीन बंदच पडलं असेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, आणि बाकीचं ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.